मंडळीसाठी पाच किलोमीटर

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे रातांबे, कोकमाची फळं, फोडणं. मे महिना होता. मागल्या पडवीत ती पाटावर बसलेली, मी जमिनीवर. तिनं फोडायचे, गर एका टोपात, सालं दुसऱ्या टोपात, आणि सालांना मीठ मी लावायचं. दरवर्षी मीठ तीच लावायची. पण डॉक्टरांनी तिचं मीठ तोडलं होतं, आणि हाताला मीठ लागलं की बोटं चाटायचा मोह होतो, म्हणून तिनं आपणहून ते काम माझ्याकडं दिलं.

"येवढा नको. मुठीन कित्याक घालतास? शेतात खत फेकतास काय?"

"तू आपले फोड गो. माका शिकव नको."

एवढंच बोलणं. सालं वाळायच्या आधी, चौथ्या दिवशी ती गेली.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण जानेवारीत मी मालवणच्या किनाऱ्यावर जाऊन धावून आलो, आणि आल्यापासून वाडीतलं प्रत्येक माणूस विचारतं, काय झालं, कसं झालं. तोंडानं सांगून सांगून दमलो. म्हणून एकदाच लिहितो. आमच्या वाडीतली अर्धी माणसं अजून समुद्रापर्यंत गेलेली नाहीत. कणकवलीच्या बाजारापर्यंत जातात आणि परत फिरतात. मीही जवळजवळ त्यातलाच, लग्नानंतर तीन-चारदा गेलो असेन तेवढाच.

आधी धावलो कशासाठी ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितात. ते मी लिहिलं. नाव मीच निवडलं होतं, तिला विचारलं नव्हतं. लिहिलं आणि विषय संपला. पुढं पंचेचाळीस वर्षं मी तिला "गो" म्हणून हाक मारली. चार लोकांत बोलायचं झालं तर "आमची मंडळी". माझ्या वयाचे सगळे असंच म्हणतात, बायकोचं नाव तोंडात घ्यायला लाजतात. मीही लाजलो.

तिची किडनी गेली तेव्हा आम्ही आठवड्यातून दोनदा कणकवलीला डायलिसिसला जायचो. चार चार तास ती खुर्चीत, हाताला नळ्या, मी बाजूला स्टुलावर. एकदा ती म्हणाली, "नाव ठेवलास तुमी, पण वापरलास खंय? एकदा हाक मारून बघा. बरा वाटता काय बघूया."

मी म्हटलं, "आता म्हातारपणी काय नाटकां?"

तिथल्या सिस्टर ऐकत होत्या, त्या हसल्या. तीही हसली. मी मनात म्हटलं, मारू कधीतरी. ते राहिलं. ती जात होती तेव्हासुद्धा माझ्या तोंडून "गो, आयक" एवढंच आलं.

ती मूळची किनाऱ्यावरची, देवबागकडची. डायलिसिसला तिकडची माणसं पहाटे घर सोडून यायची. त्यांना बघून ती म्हणायची, "माज्या माहेराक एक मशीन व्हया." तर ती गेल्यावर सहा-सात महिन्यांनी त्या सिस्टरांचा फोन आला. किनाऱ्यावर डायलिसिसचं मशीन बसवायचं म्हणून तिथल्या लोकांनी धावायची शर्यत ठेवली होती, पाच किलोमीटरची, तीही देवबागच्या रस्त्यानं. म्हणाल्या, "काका, चालत गेलात तरी चालेल. जे कोणाच्या आठवणीत धावणार, त्यांनी सुरुवातीला माईकवर त्या माणसाचं नाव घ्यायचं आणि मग पळायचं."

मी हो म्हटलं. मशीन व्हायला हवं हे आहेच. पण खरं सांगायचं तर मी गेलो ते नावासाठी. तिच्या माहेरच्या मातीत उभं राहून एकदा ते नाव घ्यायचं, एवढंच मनात होतं. ते नाव मी इथं आत्ताच लिहीत नाही. जिथं तोंडातून निघालं तिथं लिहीन.

शनिवार

गाडीतलं काय सांगायचं. बसलो आणि उतरलो. मालवण मागं पडलं की रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंना वाळू. मी वाळूत अंगण असलेली घरं पहिल्यांदा एवढी निवांत बघितली. आमच्याकडं अंगण शेणानं सारवतात, इथं बाई सकाळी वाळूला नुसता झाडू मारते आणि अंगण झालं. माड इतके की आकाश तुकड्या-तुकड्यांनी दिसतं. आणि आवाज. समुद्र गप्प बसतच नाही. आमची नदी पावसाळ्यात ओरडते आणि उरलेलं वर्ष झोपते. ह्याला झोप नाही. लहानपणी जिच्या कानात हा आवाज बसलेला, ती आमच्या डोंगराखाली पंचेचाळीस वर्षं कशी झोपली असेल, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

राहायची सोय सिस्टरांनी एका घरात केली होती. घरवाली चाळिशीतली, सगळे तिला वैनी म्हणत, मीही म्हटलं. मी पिशवी खाली ठेवतोय तोवर ती माझ्या मागं रस्त्याकडं बघायला लागली.

"बाकीची मंडळी खंय?"

मला वाटलं, सिस्टरांनी हिला सगळं सांगितलेलं असणार. म्हटलं, "मंडळी गेली."

"गेली? जेवल्याशिवाय?"

"होय."

"अवो, पण खंय गेली?"

मी बोट वर केलं.

ती जिन्याकडं वळली. "गच्चीर? थंय कपडे वाळत घातलेत, बसाक जागा नाय. खाली बोलवा त्यांका, जेवाण निवतला."

"वैनी," मी म्हटलं, "देवाघरी गेली. मंडळी म्हणजे माझी बायको."

ती पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग स्वयंपाकघराकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आठ माणसांचा जेवाण केलंय मी," ती म्हणाली. डोळ्यात पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदम. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मलाही हसू फुटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

घोटाळा असा झाला होता. नोंदणीचा फोन एका निवृत्त मास्तरांनी घेतला होता. आमच्या वाडीत रेंज धड मिळत नाही, मी आंब्याच्या बांधावर उभा राहून बोललो. त्यांनी विचारलं, "कोणाच्या नावानं धावणार?" नाव फोनवर कसं घ्यायचं, ते तर माईकवर घ्यायचं ठरवलेलं. मी म्हटलं, "आमच्या मंडळीच्या." त्यांनी विचारलं, "मंडळी भजनी का?" मला ऐकू आलं, "मंडळी सज्जन का?" म्हटलं, "होय होय, एकदम." झालं. मास्तरांनी लिहून टाकलं, भजनी मंडळी, आणि अंदाजानं आठ जणांची झोपायची, जेवायची व्यवस्था लावली. एका खोलीत आठ चटया अंथरलेल्या होत्या. शेजाऱ्यांकडून एक पखवाजही आणून ठेवला होता.

जेवण काय वर्णू. बांगड्याचं तिखलं, तिसऱ्या, तळलेली सुरमई, भात, सोलकढी. आमच्याकडं मासा म्हणजे बाजाराच्या दिवशी, तोही बर्फातला. इथं सकाळचा मासा दुपारी शिळा म्हणतात. मी खाली मान घालून जेवत होतो तर वैनी म्हणाली, "काटो बगून खावा हां. घाटाच्या पायथ्याचे मासो भाकरीसारखो खातत."

"आमची मंडळी काटे काढून द्यायची," मी म्हटलं. तिला हसायचं की नाही कळेना. मीच हसलो.

आठ माणसांचं मी एकट्यानं संपवणं शक्य नव्हतं. वैनीनं आजूबाजूच्या तीन घरांत डबे पाठवले. त्या घरांतले लोक डबे परत द्यायला म्हणून आले आणि पडवीत बसले. कोण, कुठले, बायको कशानं गेली, सगळं विचारलं. इथली माणसं तोंडावर विचारतात, आडून विचारत नाहीत. मला ते आवडलं. आमच्याकडं आठ महिने सगळे माझ्याशी पावसाचं आणि काजूचंच बोलत होते.

संध्याकाळी मास्तर आले. उंच, पांढरा शर्ट, हात जोडून उभे. "माझी चूक झाली हो. नंबराचे कागद छापून झाले." त्यांनी माझा कागद दाखवला. खाली नंबर, वर मोठ्या अक्षरांत "आमची मंडळी".

"असू दे," मी म्हटलं. "तिला मी हेच म्हणायचो. खरं नाव उद्या माईकवर घेतो."

"नक्की घ्या," ते म्हणाले. "आणि बुवा नसलात तरी एखादा गजर येत असेल तर…"

"मास्तर, मी भात लावतो. गजर लावत नाही."

रविवार

तारकर्लीच्या बाजूला, माडांच्या खाली सगळे जमले. सूर्य अजून वर यायचा होता. बायका, पुरुष, तरणी पोरं, पोट सुटलेले, काठीवाले, सगळे एका रंगाच्या टी-शर्टात. माझा टी-शर्ट इतका मोठा की मी त्यात दोनदा बसलो असतो. पायात माझ्या रोजच्या स्लिपर. बूट आणायचं सिस्टरांनी सांगितलं होतं, पण ह्या वयात नव्या बुटांशी ओळख कोण करणार.

मास्तर माईकवर. एकेक जण पुढं जात होता. कोणी आईचं नाव घेई, कोणी भावाचं. एका बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं, स्पष्ट, गावाला ऐकू जाईल असं. माझ्या मंडळीच्या वयाची असून. मी तिच्याकडं बघत राहिलो. ती घेते तर मला काय झालंय?

माझा नंबर आला. माईक हातात आला. थंड होता. नाव जिभेवर आणलं होतं, रात्रीपासून आणलं होतं. तोंड उघडलं आणि ते नाव आत वळलं. मी म्हटलं, "आमची…" आणि थांबलो. लोक वाट बघायला लागले. शेवटी बाहेर आलं ते, "आमची मंडळी."

मागून कुणीतरी ओरडलं, "बाकीचे भजनी निजलेत वाटता!" सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. त्यांची चूक नाही, त्यांनी छातीवरचं वाचलं, आणि भजनी मंडळी येणार हे गावभर झालं होतं. मास्तरांचा चेहरा मात्र पडला. मी माईक त्यांच्या हातात दिला आणि रांगेत जाऊन उभा राहिलो. एवढ्या लांब एकाच कामाला आलो होतो, आणि ते काम मी शर्यत सुरू व्हायच्या आधीच घालवलं होतं.

मग शिट्टी झाली आणि मी रागानं पळालो. माझाच राग. अर्धा किलोमीटर असा पळालो की तरणी पोरं बाजूला झाली. मग छाती भरली आणि चालायला लागलो. त्यानंतर थोडं पळ, जास्त चाल. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे माणसांच्या घरांएवढीच जमीन. दोन्हीकडून पाणी बघून माझ्यासारख्या डोंगराखालच्या माणसाला भीती वाटते, ही माणसं इथं घरं बांधतात आणि निवांत झोपतात.

देवबाग लागलं तशी मी घरं शोधायला लागलो. नवरा म्हणून इथं मी तीन-चारदाच आलो असेन. सासरे वारले, सासू वारली, मेहुणा मुंबईला गेला आणि घर विकलं, मग येणं बंद. मला आठवत होतं ते खाडीकडचं कौलारू घर, पुढं होडी उलटी ठेवलेली. आता सगळीकडं पर्यटकांच्या खोल्या आणि पाट्या. एक घर दुसऱ्यासारखं. मी मान वळवून वळवून बघत चाललो होतो, आणि तेवढ्यात उजव्या स्लिपरचा अंगठा निसटला.

रस्त्याच्या कडेला टेबल मांडून गावातल्या बायका पाणी देत होत्या. मी तिथं टेकलो. छातीवरच्या कागदाला चार पिना होत्या, त्यातली खालची एक काढली आणि स्लिपरच्या बंदाला खालून आडवी लावली. कागद एका बाजूनं लोंबायला लागला. टेबलामागं एक म्हातारी खुर्चीवर बसली होती, माझ्याच वयाची, नऊवारी, दात मोजके. तिनं हात पुढं करून माझा कागद सरळ धरला.

"काय लिवलाहा रे ह्या? माका वाचूक येणा नाय."

"आमची मंडळी."

"खंयची मंडळी?"

"हयचीच. देवबागची."

"हयची? कोणाचा चेडू?" म्हणजे कुणाची पोर.

"पांडू तांडेलाचा."

तिनं कागद सोडला. "पांडू तांडेलाक एकच चेडू. गुलाब."

हे नाव मी लग्नाच्या पत्रिकेत एकदा वाचलं होतं. त्यानंतर आमच्या घरात ते कुणी उच्चारलं नाही, आणि मीही विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. म्हातारीच्या तोंडून ते आलं तेव्हा कुणा परक्या मुलीचं नाव ऐकल्यासारखं वाटलं, आणि मग कळलं की ती परकी मुलगी माझ्या घरात जन्मभर राबली.

"तू गुलाबचो घोव?"

"होय."

"आणि ती खंय आसा?"

मी छातीवरच्या कागदावर हात ठेवला. शर्यत गेलेल्यांच्या नावानं होती, तिला कळलं.

"मेली?" ती म्हणाली. "कदी?"

"मे महिन्यात."

"माका कोणीच सांगूक नाय." ती रागावली. "मी आनंदी. एका होडीत खेळलो आमी, एका बाकार बसलो. ती शाळेत गेली दोन वर्सां, मी एक. आणि माका सांगूक नाय!"

"कुणाला कळवायचं ते मला ठाऊक नव्हतं," मी म्हटलं. हे खरं होतं आणि लाज वाटण्यासारखं होतं. मी तिला आनंदीबद्दल कधी विचारलं नव्हतं, मग तिनं सांगितलं असलं तरी मी ऐकलं नसणार.

आनंदीनं पदरानं डोळे पुसले. पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला. शर्यतीतली माणसं बाजूनं जात होती, काही थांबून पाणी पीत होती. मग तिनं विचारलं, अगदी सहज, जसं कुणी लग्नघरात विचारील तसं.

"सासरचा नाव काय घातलास तिका?"

समोर माईक नव्हता. गर्दी नव्हती. एक म्हातारी आपल्या मैत्रिणीचं नाव विचारत होती, आणि ते तिला सांगणारा जगात मी एकटा होतो.

"सुनंदा," मी म्हटलं.

हळू म्हटलं. इतकं हळू की तिनं कान पुढं केला. मी पुन्हा म्हटलं, "सुनंदा."

"सुनंदा," तिनं म्हणून बघितलं. "बरा आसा. पण आमची ती गुलाबच." मग माझ्या पाठीवर थाप मारली, चांगली जोरात. "उठ आता. रडाचा ता मागसून रड. आदी धाव. म्हातारे लोक पुढे गेले बग!"

मी उठलो. पुढचे दोन किलोमीटर मी कसे गेलो ते नीट सांगता येणार नाही. पिन पायाला टोचत होती, कागद वाऱ्यानं उलटा होऊन तोंडावर येत होता. पण तोंडात नाव होतं. पाऊल टाकायचं आणि नाव म्हणायचं, पाऊल टाकायचं आणि नाव म्हणायचं. दम लागला की अर्धंच निघायचं.

खाडी आणि समुद्र जिथं भेटतात त्याच्या जवळ शेवट होता. मी पोचलो तेव्हा बरेच जण आधी पोचून केळी खात होते. गळ्यात पदक घातलं. मास्तर धावत आले, "बुवा, पोचलात!" मग जीभ चावली. मी म्हटलं, "मास्तर, माईक द्या. आता घेतो नाव." त्यांनी मागं बघितलं. माईक भाषण करणाऱ्या पाहुण्यांच्या हातात होता, आणि पाहुणे तो सोडायला तयार नव्हते. आम्ही दोघं पंधरा मिनिटं उभे राहिलो. मग मास्तर म्हणाले, "काय करू हो?" मी म्हटलं, "राहू दे. एका माणसाला सांगून झालंय." पण मला ठाऊक होतं, एवढ्यानं भागत नाही. तिनं कुजबूज मागितली नव्हती. हाक मागितली होती.

सिस्टर भेटल्या. लोकांनी भरभरून दिलं आहे, मशीन येणार, म्हणाल्या. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, मला संकोच वाटला. मी त्यांना म्हटलं, तुम्ही फोन केला नसता तर मी अजून पडवीत बसून असतो. त्यांचे उपकार आहेत, ते इथं लिहून ठेवतो.

मी संध्याकाळच्या गाडीनं निघणार होतो. पण दुपारी आनंदी वैनीच्या घरी हजर. मला हाताला धरून नेलं. पांडू तांडेलाचं घर जिथं होतं तिथं आता चार खोल्या आहेत, हिरव्या रंगाच्या, बाहेर पाटी. मला काहीच ओळखू आलं नाही. फक्त मागची विहीर तीच होती. आनंदी म्हणाली, "हयसर गुलाब पडली होती. सात वर्सांची. मी बोंब मारलंय म्हणान वाचली. नायतर तुका बायको खंयसून मिळाली असती?"

मी म्हटलं, "मग तुझे उपकार."

"उपकार काय? बायको दिलंय तुका, आणि पंचेचाळीस वर्सांत साधा आमंत्रण नाय!"

तिच्याकडं बसून मी चहा घेतला. तिनं गुलाबच्या गोष्टी सांगितल्या. पोहण्यात पोरांना हरवायची. भुताला घाबरायची. मोठ्यानं गायची, बेसूर. मी म्हटलं, आमच्याकडं कधी गायली नाही. आनंदीनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "सासराक कोण गाता?" आणि तिनं माझ्या कपात आणखी चहा ओतला. बोलता बोलता संध्याकाळची गाडी गेली. वैनी म्हणाली, "ऱ्हवा आज. आठ चटये आसत, खंयची व्हयी ती घेवा."

सोमवार सकाळ

उजाडताच मी समुद्राकडं गेलो, नुसतं बघायला. किनाऱ्यावर पंधरा-वीस माणसं दोन दोरखंड ओढत होती. ह्याला इथं रापण म्हणतात. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याची दोन्ही टोकं जमिनीवरून ओढतात. बाया, म्हातारे, सगळे दोर कमरेला लावून उलट्या पावलांनी मागं मागं चालतात.

मी उभा राहून बघत होतो तर एक दाढीवाला ओरडला, "ओ काका! बगतास काय? हात लावा!"

आमच्या शेतात लावणीला कुणी उभं राहून बघत असेल तर आम्हीही असंच ओरडतो. मी पँट वर केली आणि दोर धरला. खारट, ओला, जड दोर. कालचे पाय दुखत होते, पण ओढताना वाटलं, हे मला जमतं. अर्ध्या तासानं जाळं किनाऱ्याला लागलं. आत तारले आणि बांगडे, चांदीसारखे उड्या मारत होते.

मग वाटे. दाढीवाला त्यांचा पुढारी होता. जो जो दोराला होता त्याच्या नावाचा वाटा, वाळूत एक एक ढीग. आधी सगळे ढीग घालायचे, मग एकेक नाव मोठ्यानं पुकारायचं, आणि ज्याचं नाव त्यानं पुढं होऊन उचलायचं. ढीग घालत तो माझ्यापर्यंत आला.

"काका, तुमी पण ओढलास. तुमचोय वाटो. नाव सांगा."

मी म्हटलं, "सुनंदा."

समुद्राचा आवाज. त्याला ऐकू आलं नाही. "काय? मोटयान सांगा!"

"सुनंदा!" मी ओरडलो. इतक्या मोठ्यानं की दोर गुंडाळणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या.

"ह्या बायलमाणसाचा नाव," तो म्हणाला.

"माझ्या बायकोचं. पांडू तांडेलाची गुलाब ती. वाटा तिचा, मी नुसता ओढायला होतो."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. खाली वाकून आणखी चार बांगडे त्या ढिगात टाकले. सोमवारी मी मासे खात नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. आनंदी खाईल, वैनी खाईल.

वाटे घालून झाल्यावर तो पहिल्यापासून नावं पुकारायला लागला. एकेक नाव, एकेक माणूस टोपली घेऊन पुढं. मी कुणाकडून तरी एक टोपली मागून आणली आणि उभा राहिलो. मग त्यानं मान वर केली आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, "सुनंदा!"

मी ओ दिली, आणि पुढं झालो.